मोबाइलवरून मानसिक आरोग्याचा कार्यक्रम: कोल्हापुरात तो कसा उभारायचा आणि कसा तपासायचा

मानसशास्त्र विभागात मोबाइलवरच्या कार्यक्रमाचा विषय निघाला की पहिल्याच बैठकीत ॲपचं नाव आणि लोगो यावर चर्चा सुरू होते. ते सगळं शेवटी. आधी एक ओळ लिहिता आली पाहिजे: कोण, दिवसातल्या कोणत्या वेळी, नेमकं काय वेगळं करणार. ही ओळ जमेपर्यंत कुणालाही पैसे देऊन ॲप बनवून घेऊ नका.

या लेखात उदाहरणासाठी एकच गट धरला आहे. राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड, गगनबावडा या तालुक्यांतून कोल्हापूर शहरात येऊन खोली करून राहणारी, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी १८ ते २८ वयाची मुलं-मुली. दिवसभर अभ्यासिकेत बसायचं, पण पुस्तकाचं पान पुढे सरकत नाही, अशी अवस्था. उपाय म्हणून वर्तन-सक्रियता घेतली आहे. बरं वाटलं की कामाला लागू, असं म्हणून थांबायचं नाही. आधी लहानशी, आनंद किंवा समाधान देणारी कृती ठरवून करायची, मन हळूहळू मागून येतं. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत प्रशिक्षण दिलेल्या, पण मानसोपचारातले पदवीधर नसलेल्या समुपदेशकांकडून ६ ते ८ बैठकांत दिली, तपासली आणि २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. समोरासमोर जे चाललं ते मोबाइलवर तसंच चालेल असं गृहीत धरता येत नाही. म्हणून तर अभ्यास करायचा.

प्रस्ताव लिहितानाच एक चूक टाळा. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मधले आकडे बरेच जण ‘महाराष्ट्रात इतके टक्के’ असे देतात. ते सर्वेक्षण १२ राज्यांत झालं आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता. वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचारांविना राहतात, हा त्यातला देशपातळीवरचा निष्कर्ष वापरायला हरकत नाही. फक्त तो देशपातळीवरचा आहे हे स्पष्ट लिहा.

आधी ‘काल’ ऐका

बारा ते पंधरा जणांशी प्रत्येकी चाळीसेक मिनिटं बोला. ‘तुला उदास का वाटतं?’ असं विचारलं की लोक पाठ केलेली उत्तरं देतात. त्याऐवजी म्हणा, ‘काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय झालं, सांग.’ मग पाणी किती वाजता येतं, मेसचा डबा कधी येतो, खोलीत किती जण आहेत, फोन चार्जिंगला कुठे असतो, घरच्यांचा फोन कधी येतो आणि तो आला की पोटात गोळा का येतो, हे सगळं बाहेर पडतं. भेट विभागात ठेवू नका. सरांच्या केबिनसमोर कुणी मोकळं होत नाही. अभ्यासिकेपासून थोडं लांब, दोघांनाच ऐकू जाईल अशी जागा निवडा.

ऐकलेलं सगळं तीन खणांत मांडा: क्षमता, संधी, प्रेरणा. सुझन मिची, मार्त्ये व्हान स्ट्रॅलन आणि रॉबर्ट वेस्ट यांनी २०११ मध्ये मांडलेलं हे प्रारूप सोपं आहे आणि ते चुकीच्या उपायापासून वाचवतं. समजा, एक मुलगा रात्री दोनपर्यंत जागा राहतो. खोलीत चौघे, एकाचा दिवा दोनपर्यंत चालू. इथे अडचण संधीची आहे. त्याला ‘पुरेशी झोप का महत्त्वाची’ असे वीस संदेश पाठवले तरी दिवा बंद होणार नाही. डोळ्यांवर बांधायची पट्टी किंवा चौघांनी मिळून ठरवलेली वेळ, हा तिथला उपाय. आपल्याकडचे बरेच कार्यक्रम इथेच फसतात. अडचण संधीची असते आणि आपण प्रेरणेचे सुविचार पाठवत बसतो.

खणांत मांडून झालं की प्रत्येक अडचणीसमोर वापरायचं तंत्र लिहा. मिची आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या वर्गीकरणात वर्तनबदलाची ९३ तंत्रं १६ गटांत दिली आहेत. सगळी वापरायची नसतात. सहा आठवड्यांच्या कार्यक्रमाला चार-पाच पुरतात: स्वतःची नोंद ठेवणं, ध्येय ठरवणं, कधी-कुठे-कसं याचं नियोजन, केलेल्या कामाबद्दल प्रतिसाद आणि जवळच्या माणसाचा आधार. प्रत्येक संदेशासमोर त्याचं तंत्र लिहून ठेवा. ज्या संदेशासमोर काहीच लिहिता येत नाही, तो काढून टाका.

सहा आठवडे कसे बांधायचे

पहिल्या आठवड्यात काहीही बदलायला सांगू नका. दिवसातून तीनदा एवढंच विचारा: आत्ता काय चाललंय, आणि मन शून्य ते दहापैकी कितीवर आहे. आठवड्याच्या शेवटी जास्तीत जास्त २१ नोंदी होतात. त्यातल्या १२ आल्या तरी चित्र दिसतं.

दुसऱ्या आठवड्यात त्या नोंदी त्यालाच परत दाखवा आणि जास्त आकड्यांच्या आसपास काय होतं ते शोधायला लावा. तिथूनच दोन कृती निवडायच्या. यादी तुमची नको, त्याची हवी. कुणाला रंकाळ्यावर सकाळी चालून बरं वाटतं, कुणाला तालमीत जाऊन, कुणाला गावाकडच्या मित्राशी दहा मिनिटं बोलून.

तिसऱ्या आठवड्यात ‘जर-तर’ची योजना. पीटर गोलविट्झर यांनी मांडलेली ही कल्पना अगदी घरगुती आहे: नवी कृती रोजच्या एखाद्या ठरलेल्या क्षणाला बांधायची. ‘रोज घरी फोन करीन’ हे ढिलं. ‘संध्याकाळी अभ्यासिकेतून खोलीवर आल्यावर, दप्तर खाली ठेवायच्या आधी आईला फोन’ हे घट्ट. ‘संध्याकाळी’ एवढ्यावर सोडू नका. दप्तरापर्यंत यायला हवं.

चौथ्या आठवड्यात जे जमलं नाही ते निम्मं करा. अर्धा तास चालणं होत नसेल तर चपला घालून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचं. पाचव्या आठवड्यात संदेश कमी करा, सहाव्यात दोनच ठेवा. कार्यक्रम संपल्यावर संदेश येणार नाहीत, त्याची सवय आधीच झाली पाहिजे. पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या आठवड्यात दहा मिनिटांचा एकेक फोन करा. माणसाची साथ असलेले डिजिटल कार्यक्रम एकट्याने करायच्या कार्यक्रमांपेक्षा जास्त टिकतात. मनुष्यबळ कमी असेल तर संदेश कमी करा, फोन वाचवू नका.

‘२१ दिवसांत सवय लागते’ हे वाक्य स्लाइडवर असेल तर खोडा. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या २०१० मधल्या अभ्यासात कृती आपोआप घडू लागायला लागलेला मध्यक काळ ६६ दिवसांचा होता, आणि माणसागणिक तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. सहा आठवड्यांत सवय लागली असा दावा करू नका. सुरुवात झाली एवढंच म्हणता येतं.

भाषा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. शासकीय पत्रकासारखी मराठी फोनवर कुणी वाचत नाही. ‘आपण आपल्या दैनंदिन क्रियाशीलतेचे नियोजन करावे’ याऐवजी ‘उद्याचं एक काम आत्ताच ठरवूया’ असं लिहा.

मराठी क्रियापद बोलणाऱ्याचं लिंग सांगून टाकतं, त्यामुळे उत्तरांची बटणं तयार करताना पंचाईत होते. ‘चाललो’ लिहिलं तर मुलींना परकं वाटतं, ‘चालले’ लिहिलं तर मुलांना. ‘चाललो/चालले’ असं तिरकी रेघ मारून लिहिलं की सरकारी अर्ज वाटतो. यावर साधा तोडगा म्हणजे नपुंसकलिंगी रूपं: ‘झालं’, ‘अर्धं झालं’, ‘आज नाही जमलं’. तिन्हींत कर्ता दिसत नाही. ‘आज नाही जमलं’ मध्ये ‘नाही’ या एका शब्दासारखा दोष अंगावर येत नाही, म्हणून ते बटण तसंच ठेवा. यंत्राने क्रियापदावरून स्त्री-पुरुष ओळखायची सोय कुणी सुचवली तर नको म्हणा. कोल्हापूर भागात अनेक बायका-मुली सहज ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात.

संदेशात ‘तुम्ही’ की ‘तू’, हे पहिल्या फोनवर विचारून घ्या आणि शेवटपर्यंत तेच पाळा. मध्येच बदललं की दुसरंच कुणीतरी लिहितंय असं वाटतं. आवाजी संदेश एका मिनिटाच्या आत ठेवा आणि इथल्याच माणसाच्या आवाजात रेकॉर्ड करा.

प्रश्नावलीचं वेगळं आहे. पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली. तिची मराठी आवृत्ती उपलब्ध आहे, वापरायला परवानगी लागत नाही. पण तिचे शब्द मनाने बदलायचे नाहीत, नाहीतर गुणांची तुलना तुटते. आठ-दहा जणांना प्रश्न मोठ्याने वाचायला सांगा आणि काय समजलं ते त्यांच्या शब्दांत विचारा. मग कळतं की भुकेच्या प्रश्नाला कुणीतरी ‘मेसचं जेवण बेचव असतं’ म्हणून जास्त गुण देतोय, झोपेच्या प्रश्नाला अभ्यासासाठी केलेलं जागरण मोजतोय. हालचाली मंदावणं किंवा उलट अस्वस्थपणा वाढणं एकाच प्रश्नात असल्यामुळे तिथे बहुतेक जण अडखळतात. अशा जागी मुलाखतकाराने द्यायचं स्पष्टीकरण आधीच लिहून ठेवा आणि सर्वांना तेच द्या. लोक ‘खिन्न’ म्हणत नाहीत. ‘कशात मन लागंना’, ‘काय करूच वाटंना’, ‘डोकं जड झालंय’, ‘टेन्शन आलंय’ म्हणतात. ही बोली संदेशांत आणा, प्रश्नावलीत नको.

कशावरून पाठवायचं

व्हॉट्सॲप सगळ्यांकडे आहे म्हणून गट काढू नका. गटात प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो, आणि इथे गटात असणं म्हणजेच ‘मन खचलंय’ हे जाहीर होणं. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणांची मर्यादा आहे, आणि तुमचा नंबर ज्याने सेव्ह केला आहे त्यालाच संदेश पोहोचतो. नोंदणीच्या वेळी समोर बसूनच नंबर सेव्ह करून घ्या, नाहीतर ‘प्रतिसाद देत नाही’ म्हणून ज्यांची नोंद कराल त्यांना संदेश मिळालेलेच नसतील. स्वयंचलित सेवा घेतली तर आपण होऊन पाठवायचे संदेश आधी मंजूर करून घ्यावे लागतात, आणि मोकळा मजकूर समोरच्याच्या शेवटच्या संदेशानंतर २४ तासांपर्यंतच पाठवता येतो. मध्यस्थ कंपनीकडे संवाद किती दिवस राहतो ते करारात लिहून घ्या.

एसएमएस वापरणार असाल तर अक्षरं मोजा. रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. ‘आज नाही जमलं’ यात डोळ्यांना सात अक्षरं दिसतात; यंत्र दोन मोकळ्या जागा धरून बारा मोजतं. सत्तरीच्या पुढे गेलं की तो दुसरा एसएमएस आणि दुप्पट खर्च.

फोन लॉक असतानाही पडद्यावर संदेशाची पहिली ओळ दिसते. तिथे ‘नैराश्य’, ‘मानसिक’, ‘उपचार’ यांपैकी एकही शब्द नको. शनिवारी एसटीने गावी गेलेल्या मुलीचा फोन घरात चार जणांच्या हातात असतो. संध्याकाळी सहा-सातच्या सुमाराला दुभत्या घरात धारा काढणं आणि डेअरीला दूध घालणं चाललेलं असतं, त्या वेळी कुणी उत्तर देत नाही. आठवड्याच्या दिवसांची आणि शनिवार-रविवारची वेळ वेगळी ठेवा.

पहिला संदेश जाण्याआधी सुरक्षितता

पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. तिथे शून्याव्यतिरिक्त काहीही आलं तर त्याच दिवशी माणसाने फोन करायचा. शनिवारी रात्री भरलेला फॉर्म सोमवारी सकाळी उघडणं हा या क्षेत्रातला सर्वात गंभीर निष्काळजीपणा आहे. रोज पाहण्याची सोय नसेल तर नववा प्रश्न नसलेली पीएचक्यू-८ वापरा. विचारायचं आणि ऐकायला कुणी नाही, असं होता कामा नये.

एका पानावर लिहून काढा: आज फॉर्म कोण पाहणार, तो आजारी असेल तर कोण, फोन किती तासांत, तीनदा उचलला नाही तर पुढे काय. नोंदणीच्या वेळी सहभागीने स्वतः निवडलेल्या जवळच्या व्यक्तीचा नंबर आणि तिला कोणत्या परिस्थितीत फोन करायचा याची संमती घेऊन ठेवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा चोवीस तासांचा मोफत क्रमांक प्रत्येक आठवड्याच्या पहिल्या संदेशाखाली द्या, तातडीला ११२. सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) या सरकारी रुग्णालयात प्रत्यक्ष जाऊन मानसोपचार ओपीडीचे वार, वेळ आणि केसपेपर कुठे काढायचा ते विचारून या. ‘डॉक्टरांना भेटा’ एवढं सांगितलेला मुलगा जात नाही. कुठल्या दारातून आत शिरायचं हे सांगितलं तर जाण्याची शक्यता वाढते. फोन करणाऱ्या विद्यार्थ्यांचा हा सराव किमान दोनदा करून घ्या, एकमेकांवर, प्रत्यक्ष फोन लावून.

नीतिसमितीची मंजुरी आधी, नंतर भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदणीत नोंद, आणि मगच पहिला सहभागी. १ एप्रिल २०१८ पासून ही नोंद पहिला सहभागी घेण्याआधीच करावी लागते. नंतर आठवण झाली तर उपयोग नाही. तुमच्या गटात बारावीच्या वर्गातले, १८ च्या आतलेही घेणार असाल तर पालकांची संमती आणि मुलाची स्वतःची तयारी, दोन्ही हवं. संमतीपत्र वाचून दाखवल्यावर तीन प्रश्न विचारा: माहिती कोण पाहणार, मध्येच सोडलं तर काय होईल, आणि रात्री खूप त्रास झाला तर आम्ही लगेच उत्तर देऊ का? तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ आलं तर पुन्हा समजावा.

तुलना आणि संख्या

फक्त आधी-नंतर मोजून कार्यक्रम चालला असं म्हणता येत नाही. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पीएचक्यू-९ मध्ये दहापेक्षा जास्त गुण आलेल्यांनाच निवडलं, तर परीक्षा झाल्यावर त्यांचे गुण काहीही न करता खाली येतात. म्हणून दुसरा गट लागतो. नुसत्या प्रतीक्षायादीशी, म्हणजे कार्यक्रम नंतर मिळणार म्हणून थांबलेल्यांशी, तुलना केली की परिणाम फुगून दिसतो. तितक्याच संख्येने सर्वसाधारण आरोग्याचे संदेश मिळणारा गट जास्त प्रामाणिक.

संख्येचा ढोबळ हिशेब असा: १६ भागिले परिणामाच्या आकाराचा वर्ग, म्हणजे प्रत्येक गटातली माणसं. परिणामाचा आकार म्हणजे दोन गटांच्या सरासरीतला फरक भागिले गुणांचं प्रमाण विचलन. मध्यम परिणाम ०.५ धरला तर ६४, लहान, ०.३ धरला तर साधारण १७८. मोबाइलवरच्या कार्यक्रमात ४० टक्के गळती धरून चाला, म्हणजे ६४ चे १०७ होतात. एम.ए.च्या प्रबंधाला हे झेपत नाही, आणि त्यात काही कमीपणा नाही. प्रत्येक गटात २० ते ३० जण घेऊन ‘हे राबवता येतं का’ एवढाच प्रश्न नीट सोडवा आणि परिणामाचा दावा करू नका.

कोण कोणत्या गटात जाणार याच्या चिठ्ठ्या कुणी काढायच्या? अभ्यासात नसलेल्या व्यक्तीने, संगणकावरच्या यादीने. सम-विषम हजेरी क्रमांक चालत नाहीत, कारण पुढचा कोणत्या गटात जाणार ते आधीच कळतं. एकाच खोलीतले दोघे वेगवेगळ्या गटांत गेले तर रात्री एकमेकांचे संदेश वाचतात. अख्ख्या अभ्यासिकांची वाटणी केली तर हे टळतं, पण संख्या वाढते: एका अभ्यासिकेत २० जण आणि त्यांच्यातलं साम्य ०.०५ असेल, तर १ + १९ × ०.०५, म्हणजे १.९५. माणसं जवळजवळ दुप्पट लागतात. खोली हे एकक धरलं तर मधला मार्ग निघतो.

वेळ ठरवताना विद्यापीठाचं परीक्षेचं वेळापत्रक, स्पर्धा परीक्षांच्या तारखा आणि पाऊस तिन्ही समोर ठेवा. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेच्या पुराने शहराचं सगळं गणित विस्कटलं होतं. जुलै-ऑगस्टमध्ये मोजमाप ठेवलं आणि तसंच पुन्हा झालं, तर कार्यक्रमाचा परिणाम आणि पुराचा ताण वेगळा काढता येणार नाही. प्रत्येकाची पुढच्या परीक्षेची तारीख नोंदवा आणि ती विश्लेषणात घ्या.

गळती ही नोंदच आहे

गुंथर आयझेनबाख यांनी २००५ मध्ये गळतीला डिजिटल कार्यक्रमांचा नियमच म्हटलं. लपवण्यासारखं त्यात काही नाही. ‘सहभाग’ म्हणजे काय हे सुरुवातीलाच लिहा, उदाहरणार्थ आठवड्यातल्या सातपैकी किमान तीन दिवशी उत्तर. निळ्या खुणांवर अवलंबून राहू नका. ती सोय अनेकांनी बंद केलेली असते. थांबलेल्यांना वगळून सरासरी काढू नका. ज्या गटात चिठ्ठी निघाली त्याच गटात सर्वांना मोजा. पीएचक्यू-९ मध्ये ५ गुणांचा फरक हा माणसाच्या जगण्यात जाणवणारा फरक मानला जातो, त्यामुळे सरासरीबरोबर किती जणांचे ५ किंवा जास्त गुण उतरले तेही द्या.

थांबलेल्यांना एकच फोन करा आणि एकच विचारा: ‘कोणत्या दिवशी थांबावंसं वाटलं, त्या दिवशी काय होतं?’ ‘का सोडलं’ असं विचारलं की माफी मागतात. दिवस विचारला की परीक्षेचा निकाल, संपलेला रिचार्ज, खोली बदलणं, घरातलं आजारपण असं खरं काही हाती लागतं. ही उत्तरं गटवार लिहून अहवालात मुख्य तक्त्याइतकीच जागा द्या.

अहवालात सगळे संदेश मूळ मराठीत, पाठवल्याच्या वेळेसह आणि समोरच्या तंत्रासह जोडा. इंग्रजी शोधनिबंधात फक्त ‘सहा आठवड्यांचे मराठी संदेश’ एवढंच राहिलं, तर सांगली-साताऱ्यातल्या पुढच्या संशोधकाला ‘आज नाही जमलं’ हे बटण पुन्हा शून्यापासून शोधावं लागेल. आणि दुसऱ्या गटाला शेवटचं मोजमाप झालं की त्याच आठवड्यात पूर्ण कार्यक्रम द्या, फोनसकट.